संपाच्या अलीकडची वर्षे : अमेरिकेतील प्रवासी रेल्वे, तिचे कामगार आणि कायदा

(न्यू जर्सीतील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

सर्वांना नमस्कार.

१६ मे २०२५ चा शुक्रवार आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात असेल. त्या दिवशी मध्यरात्र उलटून एक मिनिट झाले आणि एनजे ट्रान्झिट या न्यू जर्सीच्या उपनगरी रेल्वेच्या इंजिनचालकांनी काम थांबवले. आपण मुंबईकर ज्यांना मोटरमन म्हणतो, ती ही माणसे, आणि त्यांची संख्या जेमतेम साडेचारशे. सकाळी एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन या स्थानकांवर आपल्या रोजच्या गाड्या नव्हत्या. त्याच रुळांवरून ॲमट्रॅक या देशव्यापी प्रवासी रेल्वे कंपनीच्या गाड्या मात्र नेहमीसारख्या जात होत्या. त्या दिवसांत अनेकांनी मला एकच गोष्ट विचारली : हे लोक असे एकाएकी कसे थांबले? माझे आजचे सगळे बोलणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. ते एकाएकी थांबले नव्हते. २०१९ पासून त्यांना वेतनवाढ मिळालेली नव्हती, आणि कायद्याने नेमून दिलेली एकेक पायरी चढायला लागलेली वर्षे त्या मध्यरात्रीच्या मागे उभी होती. संप आपल्याला दिसतो, कारण तो फलाटावर येऊन उभा राहतो. त्याच्या अलीकडची वर्षे कोणाला दिसत नाहीत, आणि अमेरिकेतील प्रवासी रेल्वेचा कामगार-कायदा समजून घ्यायचा तर नजर त्या वर्षांकडेच वळवावी लागते.

या देशात कारखान्यातल्या कामगाराला एक कायदा लागू होतो आणि रेल्वेतल्या कामगाराला दुसरा. रेल्वेचा कायदा वयाने मोठा. १९२२ मध्ये रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यांतील सुमारे चार लाख कामगारांनी देशभर संप केला, आणि न्यायालयाच्या अत्यंत कडक मनाई हुकुमाने तो मोडून काढण्यात आला. त्या कटु अनुभवानंतर रेल्वे कंपन्या आणि संघटना यांनी स्वतःच एकत्र बसून एक मसुदा तयार केला, आणि त्यातून १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट आला. दोन्ही बाजूंनी मिळून लिहिलेला कामगार कायदा ही जगात कोठेही दुर्मिळच गोष्ट आहे. १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, १९३४ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, १९३६ मध्ये विमान कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या. आजही ॲमट्रॅक आणि एनजे ट्रान्झिटची रेल्वे याच कायद्याखाली चालतात.

या कायद्याची सगळी रचना एका भेदावर उभी आहे. त्याच्या परिभाषेत वाद दोन प्रकारचे असतात : मोठे आणि किरकोळ. नवा करार करायचा किंवा चालू करार बदलायचा असेल, तर तो मोठा वाद. झालेल्या कराराचा अर्थ काय, तो अमुक एका माणसाला अमुक एका दिवशी नीट लावला गेला की नाही, हा किरकोळ वाद. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. मोठ्या वादात शेवटी संपाची मुभा असते. किरकोळ वादात ती नसते. तेथे लवादाकडे जाणे सक्तीचे असते आणि संप केला तर न्यायालय तो थांबवू शकते. ‘किरकोळ’ हा शब्द मला नेहमी खुपतो. वीस वर्षे नोकरी केलेल्या कंडक्टरला कामावरून काढले, तर कायद्याच्या लेखी तो किरकोळ वाद असतो. त्या घरात तो शब्द कोणी उच्चारून पाहावा.

मोठ्या वादाची वाट कशी जाते ते पाहू. सुरुवात एका पत्राने होते. कायद्याच्या सहाव्या कलमाखाली एक बाजू दुसऱ्या बाजूला कळवते की, वेतन, नियम किंवा कामाच्या अटी आम्हाला बदलून हव्या आहेत. मग दोन्ही बाजू समोरासमोर बसतात. जमले नाही, तर नॅशनल मीडिएशन बोर्ड या सरकारी मंडळाकडून मध्यस्थ येतो. येथपर्यंत सगळे आपल्या ओळखीचे आहे. पण या मध्यस्थीला कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही. समेट होणे नाही, असे मंडळाला स्वतःला वाटेपर्यंत ते दोन्ही बाजूंना मोकळे करत नाही. मोकळे केल्यावर ऐच्छिक लवादाचा प्रस्ताव पुढे ठेवला जातो, तो कोणी नाकारला की तीस दिवसांची थांबण्याची मुदत सुरू होते. त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ, म्हणजे वाद तपासून तोडगा सुचवणारे मंडळ, नेमू शकतात. त्याच्या अहवालासाठी तीस दिवस आणि अहवालानंतर आणखी तीस दिवस. एवढे सगळे झाल्यावर कामगार संपाला आणि कंपनी टाळेबंदीला मोकळी होते. आणि त्या क्षणीही वर संसद असतेच. तिने कायदा करून करार लादला, तर संप तेथेच संपतो.

या सगळ्या काळात दोन्ही बाजूंनी आहे ती स्थिती जशीच्या तशी ठेवायची असते. कारखान्यातला करार ठरल्या तारखेला संपतो. रेल्वेतला करार संपत नाही, तो फक्त ‘बदलण्यास खुला’ होतो. मुदत उलटून गेली तरी जुनेच वेतन आणि जुनेच नियम चालू राहतात. कागदावर हे बंधन दोघांनाही सारखेच आहे. कंपनी वेतन कमी करू शकत नाही, नियम एकतर्फी बदलू शकत नाही, आणि त्या संरक्षणाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु महागाई जेव्हा दरवर्षी पुढे सरकते, तेव्हा जागच्या जागी थांबलेले वेतन हे खाली जाणारे वेतन असते. म्हणून माझे आजचे म्हणणे असे आहे की, या कायद्याने रेल्वे कामगाराचा संप काढून घेतला नाही, तो लांबणीवर टाकला. आणि त्या लांबणीची किंमत दोन्ही बाजू सारखी मोजत नाहीत. आपल्यातल्या ज्येष्ठांना मे १९७४ चा भारतातला रेल्वे संप आठवत असेल. जॉर्ज फर्नांडिस आणि हजारो कामगारांना अटक झाली, आणि वीस दिवसांत तो संप मागे घ्यावा लागला. तेथे सरकारने तुरुंग वापरला. येथे वापरली जाते ती दिनदर्शिका.

आता ॲमट्रॅककडे येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमानांपुढे प्रवासी गाड्या तोट्यात गेल्या आणि खासगी रेल्वे कंपन्यांना त्या नकोशा झाल्या. ३० ऑक्टोबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी रेल्वे प्रवासी सेवेच्या कायद्यावर सही केली आणि १ मे १९७१ पासून ॲमट्रॅकच्या नावाने गाड्या धावू लागल्या. ज्या गाड्या बंद होणार होत्या, त्यांवरच्या कामगारांचे काय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. त्यासाठी कामगार खात्याने संरक्षणाच्या अटी ठरवल्या. सेवा बंद झाल्यामुळे नोकरी गेली किंवा पगार घटला, तर सहा वर्षांपर्यंत भरपाई, अशी त्यांची व्याप्ती होती. १९९७ मध्ये संसदेने ॲमट्रॅकच्या सुधारणेचा कायदा करताना हे वैधानिक संरक्षण काढून घेतले आणि तो विषय वाटाघाटी व लवादावर सोपवला. म्हणजे एके काळी कायद्याने दिलेली गोष्ट संघटनेला पुन्हा मागण्यांच्या यादीत घालावी लागली.

सुरुवातीच्या वर्षांत ॲमट्रॅकच्या गाड्यांवर काम करणारे बहुतेक चालक आणि कंडक्टर ॲमट्रॅकचे नव्हतेच. ते ज्या कंपनीचा मार्ग, त्या कंपनीचे नोकर होते. त्यांचा पगार जुन्या पद्धतीने, मैलांवर मोजला जाई. मालगाडीच्या चालकाचे शंभर मैल म्हणजे एक दिवसाचे काम, प्रवासी गाडीच्या कंडक्टरचे दीडशे मैल म्हणजे एक दिवस. वाफेच्या इंजिनाच्या काळात हा हिशेब वाजवी होता, कारण तेवढे अंतर कापायला खरोखरच दिवस लागे. गाड्या वेगवान झाल्यावर तेच अंतर काही तासांत संपू लागले. १९८३ मध्ये वॉशिंग्टन ते बॉस्टन या ईशान्य मार्गावरील गाडीवरचे कर्मचारी ॲमट्रॅकच्या थेट नोकरीत आले, तेव्हा नव्या करारांनी मैलांच्या जागी तासांवर पगार आणला. कामाचे नियम बदलणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण आहे. वर्तमानपत्रात ‘नियमांत शिथिलता’ एवढे दोन शब्द छापून येतात. माणसाच्या आयुष्यात त्याचा अर्थ दिवस कशाला म्हणायचे, हा असतो.

आणि आता ज्या प्रकरणासाठी मी मुख्यतः हा विषय घेतला, ते सांगतो. २००० सालाच्या सुमारास ॲमट्रॅकच्या अनेक संघटनांचे करार बदलण्यास खुले झाले. सुतार, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, रुळांची देखभाल करणारे, सिग्नलचे काम करणारे, असे सुमारे दहा हजार लोक आणि त्यांच्या नऊ संघटना. वाटाघाटी झाल्या, मध्यस्थी झाली, आणि मध्यस्थी चालूच राहिली. एक एक करत वर्षे गेली आणि नवा करार काही झाला नाही. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही संसदेच्या अनुदानावर जगतो, मागील वर्षांची थकबाकी देण्याइतके पैसे आमच्याजवळ नाहीत, आणि वाढ हवी असेल तर कामाचे नियम सैल करा, बाहेरच्या कंत्राटदारांना काम देण्याची मोकळीक द्या. संघटनांचे म्हणणे असे की, मालगाडीच्या कंपन्यांत याच कामाला जे वेतन ठरले आहे, ते आम्हालाही द्या आणि मागील तारखेपासून द्या.

अखेर मध्यस्थी मंडळाने दोन्ही बाजूंना मोकळे केल्यानंतर नोव्हेंबर २००७ मध्ये अध्यक्ष बुश यांनी आणीबाणी मंडळ नेमले. त्याचा क्रमांक २४२. हा क्रमांकच सांगतो की, अशी मंडळे नेमणे या देशात नवे नाही. डिसेंबरच्या शेवटी त्याचा अहवाल आला आणि त्याने वेतनाच्या व थकबाकीच्या मुख्य प्रश्नावर कामगारांची बाजू घेतली. मालगाड्यांच्या कराराचा नमुना योग्य मानला, मागील तारखेपासूनची वाढ द्यावी असे सांगितले, आणि ती दोन हप्त्यांत, म्हणजे आधी चाळीस टक्के आणि वर्षभराने साठ टक्के द्यावी अशी शिफारस केली. ३० जानेवारी २००८ पासून संप करता आला असता. १८ जानेवारीला तडजोड झाली आणि संप झाला नाही. वृत्तपत्रांनी संप टळल्याची बातमी दिली, प्रवाशांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो योग्यच होता.

पण क्षणभर त्या दहा हजारांपैकी एखाद्याच्या घरात डोकावून बघा. करार खुला झाला तेव्हा ज्याची मुलगी पाच वर्षांची होती, ती तडजोडीच्या दिवशी तेरा वर्षांची झाली. त्या आठ वर्षांत घराचे हप्ते, डॉक्टर, शाळा हे सगळे चालू काळाच्या भावाने भरायचे होते. आपल्या हक्काचे असल्याचे ज्याचे म्हणणे पुढे मंडळाने मान्य केले, तो पैसा मात्र त्या सगळ्या काळात त्याच्या हाती नव्हता. थकबाकी म्हणजे कामगाराने मालकाला, स्वतःची इच्छा नसताना, दिलेले कर्ज असते. मागाहून रक्कम मिळते. ज्या वर्षी ती लागत होती ते वर्ष मिळत नाही. कंपनीच्या बाजूने विचार केला, तर तिच्याही अडचणी खऱ्या होत्या, कारण तिची तिजोरी दरवर्षी संसदेच्या हातात असते. पण सरकारने प्रवासी रेल्वेला पुरेसा पैसा द्यायचा नाही असे ठरवले, तर त्या काटकसरीचा भार रुळांवर काम करणाऱ्याने का उचलावा, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

२०२२ मध्ये देशभर रेल्वे संपाची वेळ आली होती. त्या प्रकरणात ॲमट्रॅक वादाचा पक्षही नव्हती. वाद मालगाडीच्या कंपन्यांचा आणि बारा संघटनांचा होता. परंतु ईशान्य मार्ग सोडला, तर ॲमट्रॅकच्या बहुतेक गाड्या मालगाडी कंपन्यांच्या रुळांवरून धावतात. त्यामुळे सप्टेंबरमध्ये संप होणार असे दिसताच ॲमट्रॅकने आधी साउथवेस्ट चीफ, एम्पायर बिल्डर आणि कॅलिफोर्निया झेफर या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबवल्या आणि मग सगळ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या रद्द केल्या, कारण वाटेत कोठेतरी माळरानावर गाडी अडकून पडू नये. तडजोड जाहीर झाली, पण बारांपैकी चार संघटनांच्या सभासदांनी मतदानात ती फेटाळली. पाच वर्षांत चोवीस टक्के वाढ त्या करारात होती. त्यांचे दुखणे वेगळे होते. आजारी पडले तर पगारी रजा नाही, हे ते दुखणे. संसदेने करार कायद्याने लादला, सात दिवसांच्या पगारी आजारी रजेचा प्रस्ताव सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ मते मिळूनही आवश्यक साठ मतांअभावी पडला, आणि २ डिसेंबर रोजी अध्यक्ष बायडन यांनी सही केली. पुढे अनेक कंपन्यांनी संघटनांशी स्वतंत्र बोलणी करून आजारी रजा दिली, हेही नोंदवले पाहिजे.

किरकोळ म्हटलेल्या वादांविषयी थोडे सांगतो, कारण न्यायालयाच्या पायऱ्या बहुधा तेथूनच चढल्या जातात. अशा तक्रारी कंपनीअंतर्गत टप्प्यांतून शेवटी रेल्वेच्या राष्ट्रीय निवाडा मंडळापुढे किंवा कंपनी व संघटना यांनी मिळून नेमलेल्या तीन जणांच्या मंडळापुढे येतात. एक कंपनीचा, एक संघटनेचा आणि एक तटस्थ. पहिले दोघे बहुधा आपापल्या बाजूने राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात निर्णय तटस्थाचा असतो. त्या निवाड्यात न्यायालय अगदी मोजक्या कारणांनीच हात घालू शकते.

ॲमट्रॅकच्या पोलिसांच्या एका प्रकरणात मात्र न्यायालयाने हात घातला. कंपनीच्या महानिरीक्षकाच्या, म्हणजे गैरप्रकार तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याच्या, तपासात एका पोलीस कर्मचाऱ्याची चौकशी झाली, आणि करारात लिहिलेले चौकशीचे संरक्षण तिला मिळाले नाही. लवादाने तिला कामावर परत घ्यायला सांगितले. कंपनी न्यायालयात गेली, आणि २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निवाडा रद्द ठरवला. कारण असे की, महानिरीक्षकाचे स्वातंत्र्य संसदेच्या कायद्याने दिलेले आहे आणि ते संघटनेच्या कराराने मर्यादित करता येत नाही. खासगी कंपनीत महानिरीक्षक नसतो. मग ॲमट्रॅक सरकारी की खासगी? तिचा मूळ कायदा म्हणतो, हे सरकारचे खाते नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, नागरिकांच्या घटनात्मक हक्कांपुरती ती सरकारच आहे, आणि २०१५ मध्ये दुसऱ्या संदर्भात पुन्हा तसेच म्हणाले. तिच्या कामगाराला मात्र वेतनाच्या वाटाघाटी खासगी रेल्वेच्या कायद्याखाली कराव्या लागतात, पैसा सरकारी अनुदानाच्या मर्यादेत मागावा लागतो, आणि चौकशीला सरकारी निरीक्षकापुढे उभे राहावे लागते. हे तिहेरी ओझे मला अन्यायाचे वाटते.

काही हक्क असे आहेत, जे कोणत्याही कराराच्या बाहेर उभे आहेत. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ॲमट्रॅकच्या यार्डात १९९० मध्ये इलेक्ट्रिशियनचा मदतनीस म्हणून लागलेल्या मॉर्गन या कृष्णवर्णीय कामगाराने, आपल्याला वर्णामुळे वर्षानुवर्षे वेगळी वागणूक दिली गेली, अशी तक्रार केली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथेही प्रश्न काळाचाच होता. कायद्याप्रमाणे अशी तक्रार १८० किंवा ३०० दिवसांच्या आत करावी लागते; मग त्यापूर्वीच्या घटनांचे काय? जून २००२ मध्ये न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितले की, बढती नाकारणे किंवा नोकरीवरून काढणे या सुट्या घटना मुदतीतच मांडाव्या लागतील. पण कामाच्या जागी जे वातावरण रोजच्या अपमानाने तयार होते, त्यातली एक जरी घटना मुदतीत बसत असली, तरी मागच्या सगळ्या घटना विचारात घेता येतील. रोज थोडा थोडा साचणारा अपमान एका तारखेत मावत नाही, हे न्यायालयाने ओळखले. आज या देशातल्या कोणत्याही कार्यालयातला नोकरदार, त्यात आपल्यापैकी कितीतरी जण येतात, त्या निकालाच्या आश्रयाने उभा राहू शकतो.

आता परत आपल्या रुळांवर येतो. एनजे ट्रान्झिटसारख्या उपनगरी रेल्वेसाठी संसदेने १९८१ मध्ये या कायद्यात वेगळे कलम घातले, आणि त्यात वाट आणखी लांब केली. एकाच्या जागी दोन आणीबाणी मंडळे, प्रत्येकासाठी १२० दिवस. दुसऱ्या मंडळापुढे दोन्ही बाजूंनी आपापला अंतिम प्रस्ताव ठेवायचा आणि मंडळाने त्यांतला एक अधिक वाजवी म्हणून निवडायचा. मंडळाने कंपनीचा प्रस्ताव निवडला आणि तरीही संप झाला, तर संपाच्या काळातला रेल्वे बेकारी भत्ता कामगारांना मिळत नाही. एनजे ट्रान्झिटच्या वादात पहिले मंडळ जुलै २०२४ मध्ये नेमले गेले, दुसरे जानेवारी २०२५ च्या मध्यावर. तेथून १२० दिवस मोजत या, म्हणजे बरोबर १६ मे ही तारीख येते. जो दिवस आपल्याला अचानक वाटला, तो चार महिने आधीपासून दिनदर्शिकेत ठरलेला होता.

चालकांची मागणी अशी होती की, शेजारच्या ॲमट्रॅक, लाँग आयलंड आणि मेट्रो-नॉर्थ या रेल्वेंत हेच काम करणाऱ्यांना जे मिळते, ते आम्हाला मिळावे. कारण कमी पगारामुळे येथे शिकून तयार झालेले चालक तिकडे निघून जातात. व्यवस्थापनाची भीती अशी की, एका संघटनेला जास्त दिले, तर इतर संघटनांच्या करारांतील समान वागणुकीच्या कलमांमुळे सगळ्यांनाच द्यावे लागेल आणि तो बोजा अखेर तिकिटावर आणि करदात्यावर येईल. मार्चमध्ये एक तडजोड झालीही होती, पण एप्रिलमध्ये सभासदांनी ८७ टक्के मतांनी ती फेटाळली. एवढ्या मोठ्या संख्येने ‘नाही’ म्हटले जाते, तेव्हा ते नेत्यांच्या हट्टातून येत नाही. मतपत्रिका घरोघरी भरली जाते, घरातल्या हिशेबाच्या वहीशेजारी.

संप तीन दिवस चालला. रविवारी, १८ मे रोजी, करार झाल्याचे जाहीर झाले आणि जूनमध्ये सभासदांनी तो मंजूर केला. सोमवारी मात्र गाड्या नव्हत्या, कारण तीन दिवस उभे असलेले डबे, रूळ आणि सिग्नल तपासल्याशिवाय प्रवाशांना बसवता येत नाही, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी घरूनच काम करावे असे सांगण्यात आले. मंगळवारी, २० मे रोजी, पहाटेच्या पहिल्या गाड्या नेहमीच्या वेळी सुटल्या.